उताऱ्यापासून व्यासपीठापर्यंत: मराठी मंडळीत संदेश देणाऱ्यांसाठी तयारीची पद्धत

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, एकाच पाळकांकडे (पास्टरांकडे) अनेकदा दोन-तीन ठिकाणच्या उपासनांची जबाबदारी असते. त्यामुळे एखाद्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन येतो आणि येत्या रविवारी संदेश, म्हणजे उपासनेतले प्रवचन, तुम्ही द्यावा, असे सांगितले जाते. फोन घेणारा कधी बँकेत नोकरी करणारा असतो, तर कधी ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असते. घरप्रार्थनेत दोन शब्द बोलण्याची त्यांना सवय असते, पण व्यासपीठावर उभे राहून वीस-पंचवीस मिनिटे वचनाचा अर्थ उलगडून सांगणे हे निराळे काम आहे, याची त्यांनाही जाणीव असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः पाळक नाही. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे संदेश देत आलो आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते काही चांगल्या शिक्षकांकडून आणि काही चुकांतून हाती आलेले आहे.

या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडे पुष्कळ संदेश उलट्या दिशेने तयार होतात. आधी 'क्षमा', 'कुटुंब' किंवा 'तरुणांची जबाबदारी' असा विषय ठरतो, मग त्याला साजेसे वचन शोधले जाते, आणि आपण आधीच ठरवलेल्या म्हणण्याला ते वचन साक्षीदार म्हणून उभे केले जाते. साक्षीदाराला विचारू तेवढेच बोलता येते. जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात क्रम वेगळा आहे. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, त्याचा अर्थ लोकांना समजावून देतात, आणि तो समजल्यामुळे लोक आधी रडतात व नंतर आनंद करायला जातात. तिथे वाचन पहिले आहे, अर्थ दुसरा आहे आणि माणसांच्या अंतःकरणात जे घडायचे ते त्यानंतर घडते. संदेशाची तयारी याच क्रमाने करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. बाकीचा लेख म्हणजे ते प्रत्यक्षात कसे करायचे याचा तपशील आहे.

तपशील हवेत राहू नये म्हणून एकच उतारा शेवटपर्यंत धरतो: मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला. त्यात मळ्याचा घरधनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर कामावर घेतो आणि शेवटी सर्वांना सारखीच, एका दीनाराची, मजुरी देतो. कॅथोलिक चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात तो 'अ' वर्षाच्या सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी येतो, आणि नेमलेली वाचने पाळणाऱ्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांतही तो त्याच सुमारास, म्हणजे सप्टेंबरमध्ये, वाचला जातो. जिथे वाचन नेमलेले असेल तिथे तेच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. नेमलेले वाचन आपल्या आवडीनिवडीला लगाम घालते आणि जे उतारे आपण आपणहून कधीच निवडले नसते, त्यांच्यासमोर आपल्याला उभे करते.

सोमवार आणि मंगळवार: केवळ वाचन

उतारा हाती आला की पहिले दोन दिवस कोणतेही भाष्य उघडू नये आणि यूट्यूबवर त्याच उताऱ्यावरचे दुसऱ्या कोणाचे प्रवचनही ऐकू नये. मोठ्याने, सावकाश, दिवसातून दोनदा वाचावे. लोकलमध्ये मनातल्या मनात वाचलेले चालते, पण घरी निदान एकदा तरी आवाज काढून वाचले पाहिजे, कारण शास्त्राचे बहुतेक भाग मुळात ऐकण्यासाठी आहेत आणि डोळ्यांतून सुटलेली पुनरुक्ती कानाला बरोबर सापडते.

वाचताना हातात कागद असावा आणि त्यावर फक्त निरीक्षणे लिहावीत, अर्थ लिहू नये. हे दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. आपल्या दाखल्यात काय काय दिसते ते पाहा. घरधनी स्वतः बाजारात जातो, आणि कारभारी संध्याकाळपर्यंत गोष्टीत येतच नाही. मजुरीचा ठराव फक्त पहाटेच्या कामकऱ्यांशी होतो. नंतर आलेल्यांना 'जे योग्य ते देईन' एवढाच शब्द मिळतो. घरधनी पाच वेळा बाहेर पडतो. पाचव्या वेळी तो प्रथमच प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळते की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. मजुरी देताना शेवटच्यांपासून सुरुवात होते, म्हणून पहिल्यांना दुसऱ्यांच्या हातात काय पडले ते पाहत उभे राहावे लागते. पहिल्यांची तक्रार आपल्याला कमी मिळाले अशी नाही. त्यांना तू आमच्या बरोबरीचे केलेस, अशी आहे. आणि गोष्ट प्रश्नावर थांबते. कुरकुर करणाऱ्यांनी काय उत्तर दिले, ते घरी गेले की थांबले, हे येशू सांगत नाही.

अशी पंधरा-वीस निरीक्षणे जमली की त्यांतील ज्या दोन-तीन गोष्टी आपल्याला खटकतात त्यांच्यावर खूण करावी. खटकणारी जागा हीच बहुधा संदेशाची जागा असते. ती गुळगुळीत करून पुढे जाण्याचा मोह टाळावा.

आजूबाजूचा मजकूर

अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत; ते पुष्कळ शतकांनंतर वाचकांच्या सोयीसाठी आले. म्हणून उतारा जिथे सुरू होतो असे छापलेले असते तिथे तो खरोखर सुरू होतो का, हे तपासावे लागते. मत्तय २०:१ च्या मूळ ग्रीक वाक्यात 'कारण' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे हा दाखला आधीच्या बोलण्याचे स्पष्टीकरण आहे, आणि ते बोलणे एकोणिसाव्या अध्यायात आहे. एक श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून जातो, आणि त्याच्या पाठोपाठ येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही तर सर्व सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार. येशू त्याला मोठे वचन देतो आणि लगेच म्हणतो की पहिले असलेले पुष्कळ जण शेवटचे होतील व शेवटचे पहिले. तेच वाक्य उलट्या क्रमाने दाखल्याच्या शेवटी पुन्हा येते. आता दाखल्यानंतर पाहा. येशू आपल्या मरणाविषयी तिसऱ्यांदा सांगतो, आणि त्याच वेळी जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब व योहान या शिष्यांची, आई येऊन आपल्या मुलांसाठी उजवीकडची व डावीकडची जागा मागते.

एका बाजूला 'आम्हांला काय मिळणार' आणि दुसऱ्या बाजूला 'माझ्या मुलांना पहिली जागा', आणि मध्ये हा दाखला. म्हणजे तो परुश्यांना, येशूला विरोध करणाऱ्या त्या यहुदी धर्मगटाला, सुनावण्यासाठी सांगितलेला नाही. सर्व काही सोडून मागे आलेल्या, दिवसभराच्या उन्हात राबलेल्या शिष्यांना तो सांगितला आहे. हे एक निरीक्षण हाती आले की संदेशाची दिशाच बदलते. कारण तो आता दाराबाहेरच्यांवर रोखता येत नाही. पहिल्या बाकावर बसलेल्यांवर, आणि सर्वांत आधी संदेश देणाऱ्यावर, तो येऊन पोहोचतो.

संदर्भ न पाहता वचन उचलण्याची सवय आपल्यात खोलवर गेलेली आहे. यिर्मया २९:११ हे वचन घरोघरच्या भिंतींवर असते, आणि देव आपल्या हिताचे संकल्प करतो हे खरेच आहे. पण ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. फिलिप्पैकरांस ४:१३ मधील 'सर्व काही करण्यास शक्तिमान' हे शब्द परीक्षेतील यशाविषयी नाहीत. बंधनात असलेला प्रेषित पौल भूक आणि तृप्ती या दोहोंत समाधानी राहण्याविषयी बोलत आहे. संदर्भासह वाचल्याने या वचनांचे बळ कमी होत नाही. ज्याच्या घरी संकट सरलेले नाही त्याला ती अशीच वाचल्यावर आधार देतात.

बुधवार: शब्द

ग्रीक किंवा हिब्रू येत नसेल तरी शब्दांचा अभ्यास करता येतो. त्यासाठी निदान तीन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत. आपल्या हातात असलेले पवित्र शास्त्र हे एक. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांनाही समजावे म्हणून थेट हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ते मिळाले तर दुसरे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हे तिसरे. तिघांनी एकच शब्द वापरला असेल तर बहुधा अडचण नसते. तिघांचे शब्द निराळे असतील तर तिथे मूळ शब्द खोल आहे असे समजून थांबावे. आता मोबाइलवर मूळ शब्द दाखवणारी मोफत साधनेही मिळतात, पण ती जपून वापरावीत. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. 'तारण' या मराठी शब्दाचा अर्थ वाक्यावरूनच ठरतो, तसेच ग्रीकचेही आहे.

आपल्या उताऱ्यात तीन शब्दांवर वेळ घालवणे योग्य ठरते. पहिला, बाजारात उभ्या असलेल्यांचे वर्णन करणारा 'आर्गोस'. त्याचा इथला सरळ अर्थ 'काम नसलेले' असा आहे. मराठीत 'रिकामे उभे' असे वाचले की 'रिकामटेकडे' हा शब्द फारसा दूर राहत नाही, आणि मी एकदा त्याच घसरणीवरून खाली आलो. पुष्कळ वर्षांपूर्वी याच उताऱ्यावर बोलताना मी पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्यांना आळशी म्हटले आणि देव आळशांवरही दया करतो, असे सांगितले. उपासना संपल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ आले. ते रंगारी होते आणि तरुणपणी कित्येक वर्षे उपनगरातल्या एका नाक्यावर सकाळी ब्रश आणि डबा घेऊन उभे राहिले होते. ते शांतपणे म्हणाले, "दादा, दहा वाजले की निम्मे लोक घरी जातात, कारण आता कोणी नेणार नाही हे कळलेलं असतं. पाच वाजेपर्यंत जो उभा राहतो तो आळशी नसतो. त्याला घरी जायचं तोंड नसतं." त्यांचे म्हणणे उताऱ्यातच लिहिलेले होते. 'आम्हांला कोणी कामावर लावले नाही' हे उत्तर मी वाचले होते, पण ऐकले नव्हते.

दुसरा शब्द घरधन्याने कुरकुर करणाऱ्याला मारलेल्या हाकेचा आहे. 'मित्रा' अशा अर्थाचा हा ग्रीक शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात हाक म्हणून तीनच वेळा येतो: इथे, लग्नाच्या मेजवानीत योग्य वस्त्राविना आलेल्या माणसाला (२२:१२), आणि गेथशेमाने बागेत येशूला धरून देणाऱ्या यहूदाला (२६:५०). तिन्ही ठिकाणी समोरचा चुकलेला आहे आणि तरीही बोलणाऱ्याने नाते मोडलेले नाही. तिसरी जागा पंधराव्या वचनात आहे. शब्दशः 'मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे काय?' यहुदी बोलीत वाईट डोळा म्हणजे हेवा आणि कृपणपणा; जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात (१५:९) गरीब भावाला काही न देणाऱ्याच्या संदर्भात हाच वाक्प्रचार आला आहे. आपल्याकडे 'डोळ्यांत खुपणे' म्हणतात ते याच्या अगदी जवळचे आहे, आणि व्यासपीठावरून तेच शब्द वापरावेत.

तळटीपाही वाचाव्यात. सोळाव्या वचनाच्या शेवटी काही आवृत्त्यांत 'बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे' असे वाक्य आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन कोडेक्समध्ये, ते इथे नाही. ते २२:१४ चे आहे. त्या वाक्यावर संदेशाचा शेवट बांधला तर दाखला जिथे उघडा राहतो तिथे आपण दार लावून टाकतो.

त्या काळचे जग, आणि मग भाष्ये

पार्श्वभूमी सांगायची ती उतारा समजायला लागते तेवढीच. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजले जात, म्हणून तिसरा तास सकाळी नऊचा आणि अकरावा संध्याकाळी पाचचा. दीनार ही मजुराची एका दिवसाची साधारण मजुरी होती; त्यात कुटुंबाचा दिवस भागे, शिल्लक पडत नसे. म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे दिले असते तर अकराव्या तासाच्या माणसाच्या घरी त्या रात्री पुरेसे अन्न शिजले नसते. आणि मजुरी संध्याकाळीच देण्यामागे मोशेचे नियमशास्त्र आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे 'अनुवाद' २४:१५ सांगते. इतके पुरे. रोमन नाण्यांचा इतिहास सांगण्यात पाच मिनिटे घालवू नयेत.

गुरुवारी भाष्ये उघडावीत, आधी नाही. आपण स्वतः उताऱ्याशी झगडलेलो असलो तर भाष्यकाराशी संवाद होतो. नसलो तर त्याची नक्कल होते. या दाखल्याच्या बाबतीत जुन्या भाष्यकारांकडून दोन परस्परविरुद्ध धडे मिळतात. सहाव्या शतकात पोप महान ग्रेगरी यांनी पाच वेळांचा अर्थ जगाचे पाच कालखंड असा लावला: आदामापासून नोहापर्यंत, नोहापासून अब्राहामापर्यंत, अशा क्रमाने. त्यांच्या दोन शतके आधी अंत्युखिया (अँटिओक) शहरात मत्तयावर नव्वद प्रवचने देणारे योहान क्रिसोस्तोम याच दाखल्यावर बोलताना म्हणतात की दाखल्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसू नये. तो कशासाठी सांगितला हे कळले की ते घ्यावे आणि पुढे उगाच खटपट करू नये. मी क्रिसोस्तोम यांच्या बाजूचा आहे. द्राक्षमळा म्हणजे काय, ऊन म्हणजे काय, कारभारी म्हणजे कोण, अशा वाटणीत दाखल्याचा धक्का नाहीसा होतो. शिवाय पहिले कामकरी म्हणजे यहुदी लोक आणि शेवटचे म्हणजे आपण, हे चर्चमध्ये शतकानुशतके सांगितले गेलेले समीकरण टाळलेच पाहिजे. ते या उताऱ्याच्या संदर्भात बसत नाही आणि त्यातून यहुद्यांविषयी तिरस्काराला खतपाणी मिळाले आहे.

इथे थोडे थांबून साहित्यप्रकाराविषयी सांगितले पाहिजे, कारण क्रिसोस्तोम यांचा नियम दाखल्याला लागू आहे, सगळ्या शास्त्राला नाही. पौलाच्या पत्रात युक्तिवाद असतो, म्हणून तिथे 'म्हणून', 'परंतु', 'यासाठी की' या लहान शब्दांच्या मागे जावे लागते. स्तोत्रात हिब्रू कवितेची दुपेडी ओळ असते. तिथे यमक शब्दांचे नसून विचारांचे असते, दुसरी ओळ पहिलीलाच वेगळ्या अंगाने म्हणते, त्यामुळे दोन ओळींतून दोन सिद्धांत काढू नयेत. नीतिसूत्रे ही अनुभवाची शहाणपणे आहेत, हमीपत्रे नव्हेत. ज्यांची मुले बहकली त्या आईबापांसमोर नीतिसूत्रे २२:६ वाचताना हे विसरले तर फार मोठी इजा होते. जुन्या करारातील कथा माणसांनी केलेले सर्व काही सांगते, त्यातले सगळे अनुकरणीय असते असे नाही.

एक वाक्य

गुरुवारी रात्रीपर्यंत संदेशाचे एक वाक्य लिहून झाले पाहिजे. विषय नव्हे, पूर्ण वाक्य, कर्ता आणि क्रियापद असलेले, आणि शक्यतो त्यात देव काय करतो हे असावे. 'देवाची कृपा' हा विषय झाला. त्यावर कोणीही काहीही बोलू शकतो, म्हणून तो उपयोगाचा नाही. माझ्या वहीत या उताऱ्यासाठी शेवटी उतरलेले वाक्य असे आहे: 'देव शेवटच्याला पुरेसे देतो ते आपल्या डोळ्यांत खुपते, आणि तो आपल्यालाही मित्र म्हणून हाक मारून त्या आनंदात बोलावतो.'

हे वाक्य एका दमात सुचत नाही. दोन-तीन वाक्ये टाकून द्यावी लागतात, आणि त्यातच खरा अभ्यास असतो. वाक्य तयार झाल्यावर दोन कसोट्या लावाव्यात. हे याच उताऱ्यातून निघाले आहे की दुसऱ्या कोणत्याही उताऱ्यावरून मला हेच सांगता आले असते? आणि ज्यांना हा उतारा प्रथम ऐकवला गेला त्यांनी हे ओळखले असते का? दोन्हींचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर पुन्हा मंगळवारच्या कागदाकडे जावे.

तिथून इथे

यानंतरचा प्रवास यरुशलेमच्या वाटेपासून भायखळा, माहीम, ठाणे किंवा कल्याणपर्यंतचा आहे आणि त्यात सर्वांत जास्त चुका होतात. या दाखल्यात मुंबईकर उपदेशकाला नाक्यावरचे बिगारी, गवंडी, रंगारी लगेच दिसतात, आणि दिसलेच पाहिजेत, कारण हे चित्र इथे परके नाही. पण तेवढ्यावर थांबले तर संदेश दुसऱ्यांच्या गरिबीविषयी होतो आणि ऐकणारे सुटतात. त्याहूनही वाईट म्हणजे घरधन्याच्या 'माझे मी वाटेल तसे करीन' या वाक्यातून मालकांच्या मनमानीला आधार देणे. इथे घरधनी ठरल्यापेक्षा कमी देत नाही, जास्त देतो. मजुरी थकवणाऱ्यांविषयी काय म्हणायचे ते याकोब ५:४ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.

मग आपल्या मंडळीत 'पहिले' कोण? अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले. ज्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्या काळातल्या मिशनमध्ये झाला अशी घराणी आपल्यात आहेत. त्यांच्या पूर्वजांनी वाळीत टाकले जाण्याचे दुःख सोसले, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, इमारती उभ्या केल्या आणि शब्बाथ शाळा चालवल्या. त्यांनी दिवसभराचे ऊन खरोखर सोसले आहे, आणि ते संदेशात आदराने कबूल केले पाहिजे, कारण घरधनीही त्यांचे कष्ट नाकारत नाही. आणि गेल्या वर्षी पनवेलच्या बाजूने नव्याने येऊ लागलेले, उपासना संगीतातील चाली अजून न येणारे, मागच्या बाकावर बसणारे कुटुंब आहे. त्या कुटुंबातील मुलीला कमिटीत घेण्याचा प्रश्न निघाला की जी शांतता पसरते, तिथे हा दाखला आज वाचला जातो. असे ठोस बोलावे, पण कोणाचे नाव निघेल किंवा कोणी ओळखला जाईल असे कधीही बोलू नये. आपल्या मंडळ्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. भेटीगाठींत विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाव बदलूनसुद्धा व्यासपीठावर आणू नये. रंगारी काकांचे वाक्य मी त्यांची परवानगी घेऊनच सांगतो.

बांधणी आणि भाषा

पहिला, दुसरा, तिसरा मुद्दा अशी बांधणी आपल्याकडे रूढ आहे आणि पौलाच्या पत्रांना ती चालते. गोष्टीला ती मानवत नाही. गोष्टीवरचा संदेश गोष्टीच्याच क्रमाने न्यावा: बाजार, मळा, संध्याकाळ, कुरकुर, हाक. मराठीत याहून जुना आणि आपल्या कानाला परिचित नमुना कीर्तनाचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती कीर्तने रचली ती उगाच नव्हे. कीर्तनकार आधी मूळ पद समोर ठेवतो, निरूपण करतो, आख्यान लावतो, आणि पुन्हापुन्हा त्याच पदावर येतो. संदेशातही एक वचन असे ध्रुवपदासारखे धरावे. या उताऱ्यात मी 'तू त्यांना आमच्या बरोबरीचे केलेस' हे धरतो. पहिल्यांदा ते तक्रार म्हणून ऐकू येते, आणि शेवटच्या वेळी तेच शुभवर्तमान म्हणून ऐकू यावे, अशी संदेशाची चढण असावी.

शुक्रवारी संपूर्ण संदेश लिहून काढावा, जरी व्यासपीठावर टिपणेच न्यायची असली तरी. लिहिताना दोन प्रकारच्या भाषेपासून सावध राहावे. एक म्हणजे इंग्रजीतून उचललेली भाषा. 'मी तुमच्यासोबत एक विचार शेअर करू इच्छितो' असे सुरू होणारे वाक्य मराठीत कोणी बोलत नाही. दुसरी म्हणजे आपली मंडळीतली भाषा, जी आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती इतरांना कळत नाही हेच आपण विसरतो. 'तारण' या शब्दाने आपल्या आजीचे डोळे भरून येतात, पण तिच्या बँकेतल्या नातवाला तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेले घर वाटते. शब्द टाकून देऊ नये. पहिल्यांदा येईल तेव्हा एका साध्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा. 'नीतिमान ठरणे', 'प्रायश्चित्त', 'पवित्रीकरण' या शब्दांचेही तसेच. संदेशात एकच दृष्टांत पुरतो. तीन सांगितले तर घरी जाताना लोकांना दृष्टांत आठवतात, उतारा आठवत नाही.

शनिवार आणि रविवार

शनिवारी घड्याळ लावून, उभे राहून, मोठ्याने संपूर्ण संदेश बोलून पाहावा. माझा वेग मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्दांचा आहे, म्हणजे वीस मिनिटांना २,००० ते २,४०० शब्द होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये. आपल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठ मिनिटे कोणाला पुरेशी वाटणार नाहीत, पण त्यामागचा विचार आपणही घ्यावा: जे कापता येते ते कापलेच पाहिजे. मी सहसा आधी प्रस्तावना कापतो.

रविवारी शास्त्रपाठ कोण वाचणार हे आधी विचारून घ्यावे, आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीला उतारा दोन दिवस आधी द्यावा. चांगल्या वाचनाने संदेशाचे निम्मे काम होते, आणि घाईने अडखळत झालेले वाचन आपल्या आठवड्याभराच्या तयारीनेही भरून निघत नाही. मेगाब्लॉकमुळे पहिल्या गीतापर्यंत लोक येत राहतात. म्हणून संदर्भ समजावणारी महत्त्वाची वाक्ये अगदी सुरुवातीला ठेवू नयेत, किंवा ठेवली तर मध्ये एकदा पुन्हा सांगावीत. व्यासपीठावर आवाज चढवण्याची गरज नसते. हाकेचा शब्द, 'मित्रा', हा हळू म्हणायचा शब्द आहे.

संदेशानंतर दाराशी लोक 'छान झाला' म्हणतात, त्यावरून काही कळत नाही. सोमवारी दोन विश्वासू माणसांना फोन करून एकच प्रश्न विचारावा: काल मी काय सांगितले? त्यांचे उत्तर गुरुवारच्या वाक्याशी ताडून पाहावे आणि दोन्ही एकाखाली एक वहीत लिहून ठेवावीत. सोबत तारीख, उतारा, कोणी काय विचारले आणि न वापरलेली निरीक्षणे. वाचनक्रम तीन वर्षांनी फिरून येतो. हा दाखला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये होता आणि २०२६ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा येईल, तेव्हा तीच वही उघडून, पण उतारा पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचून, सोमवारी सुरुवात करावी.